टाक्यांशेजारची विहीर

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. पाल दिसली तर खोली सोडते, जत्रेतल्या पाळण्यात आजवर बसलेली नाही, गॅस बंद केला की नाही ते बघायला जिन्यावरून दोनदा परत येते. घरच्यांनी यावरून माझी भरपूर टिंगल केलेली आहे. आणि अशा बाईने पोटासाठी काम कोणतं धरलं, तर बंद पडलेल्या पेट्रोल पंपांच्या टाक्यांखालची माती तपासायचं. जमिनीत पेट्रोल-डिझेल किती मुरलंय, कुठपर्यंत गेलंय, ते शोधायचं. आमचे साहेब म्हणायचे, या कामाला भित्रंच माणूस बरं, वास आला की आधी थांबतं. मी ते कौतुक समजून खूश व्हायचे. मोताळ्याहून धामणगाव बढेकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या पंपानंतर मला त्या वाक्याची लाज वाटते.

दिवाळी होऊन गेली होती. शेताशेतातून कापूस वेचणं चालू होतं. पंप बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, छत कधीच कुणीतरी काढून नेलं होतं, उरला होता नुसता ओटा आणि त्यावर वाळत घातलेली कुणाची तरी तूर. जागा घेणाऱ्याला तिथे मंगल कार्यालय बांधायचं होतं. बांधण्याआधी टाक्या काढा आणि खालची माती तपासून घ्या, असं त्याला कुणीतरी शहाणपणाचं सांगितलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा क्रेनने तिन्ही टाक्या वर काढून ठेवल्या होत्या. दोन डिझेलच्या, एक पेट्रोलची. पेट्रोलच्या टाकीचं बूड गंजून चाळणीसारखं झालं होतं.

आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्याखाली मुरूम, आणि मुरुमाखाली फुटका खडक. टाकी गळायला लागली की गळलेलं तेल कुठे साचून बसत नाही, वाट सापडेल तसं खाली उतरतं. मग पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर चढतं आणि तेल हलकं असल्यामुळे पाण्यावर बसून तेही चढतं. ते कुणीकडे सरकलं असेल, हे ओळखायला फार अक्कल लागत नाही. उतार कुठे आहे ते बघायचं, आणि आसपास कोण पाणी उपसतंय ते बघायचं.

मी खड्ड्यात उतरले. घराच्या भिंतीएवढा खोल खड्डा होता. तळाशी माती काळी नव्हती, शेवाळी पडली होती, आणि मुठीत धरली तर चिकट लागत होती. माझ्याकडे एक यंत्र असतं, हातात मावेल एवढं. त्याची नळी मातीजवळ नेली की तिच्यातून उडणारी वाफ ते ओढून घेतं आणि आकडा दाखवतं, आणि हवेत ठिणगी पडली तर भडका उडेल इतकी वाफ असली तर किंचाळतं. ते किंचाळलं. मी जीव मुठीत धरून शिडीवरून वर आले. ड्रिल चालवणारा काठावर उभा राहून हसत होता. अर्ध्या तासाने, हवा मोकळी झाल्यावर, मी पुन्हा उतरले, मातीचे नमुने काचेच्या बरण्यांत गच्च भरले आणि बर्फाच्या पेटीत ठेवले.

वर आल्यावर मी उताराकडे पाहिलं. पंपाच्या तारेच्या कुंपणापलीकडे, पन्नासेक पावलांवर, भाजीचा मळा होता. मेथी, कोथिंबीर, वांगी. मळ्यात पत्र्याचं घर, आणि घरापुढे विहीर. पण विहीर दिसली म्हणजे पाणी बिघडलंच असं नाही, अशी मी मनाची समजूत घातली. आमच्या कामात अशी समजूत घालायला भरपूर जागा असते.

दुपारी मला त्या घरी जावंच लागलं, कारण रस्त्याकडेच्या कामावर बाईमाणसाची सोय कुणी करत नाही. घरात म्हातारी, तिचा नवरा, आणि सून. मुलगा भाजी घेऊन मोताळ्याला गेलेला. सुनेच्या मांडीवर महिन्याभराचं बाळ होतं. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही सासरीच झालं होतं. सासूने ते इतकं मनावर घेतलं होतं की सून उठून मला पाट द्यायला लागली तर तिने तिला दामटून खाली बसवलं. मग ती आतून तांब्याभर पाणी घेऊन आली.

तांब्या तोंडाजवळ नेला आणि वास आला. फार नाही, कंदील भरताना रॉकेल सांडावं आणि हात धुऊनही बोटांना राहावा तेवढा. कुणाच्या दारात गेल्यावर दिलेलं पाणी परत करायचं नसतं, हे मलाही उंद्रीच्या माझ्या घरात लहानपणापासून शिकवलेलं. मी तांब्या वर धरून दोन घोट घेतल्यासारखं केलं आणि ओठ मिटून ठेवले. पाणी हनुवटीवरून ओढणीत गेलं.

सासूच्या नजरेतून ते सुटलं नसावं. ती म्हणाली, "वास येते ना जरासा? पावसाळ्यात लई येये. आता आमाले तर काईच येत नाही."

मग तिने सगळी हकीकत सांगितली. पूर्वी विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. वास यायला लागला तेव्हा घरच्यांना वाटलं, मुलाने इंजिनात डिझेल ओतताना विहिरीत सांडलं. बापलेकांचं त्यावरून इतकं वाजलं की दोघं आठवडाभर बोलले नाहीत. मग इंजिन विकून विजेची मोटर बसवली, विहिरीत तुरटी फिरवली, ब्लिचिंग पावडर टाकली. हळूहळू वास गेला, असं तिचं म्हणणं. वास गेला नव्हता, नाकांना सवय झाली होती. पंपाच्या टाक्यांकडे कुणाचंही बोट गेलं नाही. पंप तर बंद पडलेला होता, आणि बंद पडलेली गोष्ट काही करत असेल असं कुणाला का वाटावं.

मी मोटरच्या नळाखाली बाटल्या भरून घेतल्या. जमिनीचं काम आहे, आजूबाजूचं पाणीही तपासतो, एवढंच सांगितलं. मग विहिरीपाशी गेले. लहान लेकरांची भीती म्हणून तिच्यावर लोखंडी जाळी आणि जाळीवर पत्रे टाकून दगड ठेवले होते. पत्र्यांमध्ये चार बोटांची फट होती. मी यंत्राची नळी त्या फटीत घातली. आकडा चढायला लागला, भराभर चढायला लागला, आणि मी नळी बाहेर ओढली. यंत्र किंचाळायच्या आत ओढली. खरं सांगायचं तर मला तो आकडा बघायचाच नव्हता. मागे, घरात, ते बाळ टॅहँ टॅहँ करत होतं.

कुंपणाच्या अलीकडे येऊन मी साहेबांना फोन लावला. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. अहवाल येईपर्यंत एक शब्दही काढायचा नाही, म्हणाले. लोक घाबरतात, गाव गोळा होतं, आणि उद्या प्रयोगशाळेने काही नाही म्हटलं तर पंपवाला आणि हे घर दोघंही आपल्याला धरतील. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. मी म्हटलं, सर, घरात बाळंतीण आहे. ते म्हणाले, मग लवकर पाठव नमुने.

मी मूग गिळून बसले. नोकरी जायची भीती, चुकीचं बोलायची भीती, गाव अंगावर यायची भीती. ही सगळी भीती एकीकडे आणि ते पाणी एकीकडे, आणि मी कुणीकडे झुकले ते लिहायला आजही जड जातं. काहीतरी केल्यासारखं वाटावं म्हणून मी दोन गोष्टी केल्या. जीपमधला पिण्याच्या पाण्याचा मोठा जार सुनेजवळ नेऊन ठेवला. आमच्याकडे जास्तीचा आहे, तुम्हीच प्या, म्हटलं. आणि म्हाताऱ्याला सांगितलं, काका, विहिरीपाशी कुणाला विडी ओढू देऊ नका, जुन्या पंपाची जागा आहे. म्हातारा हसला. "या घरात बिडी कोन ओढते, बाई?" तेवढ्यावर मी स्वतःची सुटका करून घेतली.

निघताना सासूने सांगितलं, उद्या सुनेला सव्वा महिना होतो, विहीर पुजायची आहे, तुम्ही या. मी हो म्हटलं. जारमधलं चांगलं पाणी तिने उद्या येणाऱ्या बायकांसाठी झाकून ठेवलं होतं, घरच्यांनी त्यातलं थेंबभर घेतलं नव्हतं. ते मला दिसलं होतं. तरी मी काही बोलले नाही आणि जीपमध्ये जाऊन बसले.

सव्वा महिन्याची विहीर आमच्याकडेही पुजतात. बाळंतीण इतके दिवस घरात असते, मग तिला नवं लुगडं नेसवून विहिरीवर नेतात, विहिरीची ओटी भरतात, ती पहिली घागर काढते आणि मग तिला घरातल्या कामाला, पाण्याला हात लावायची मोकळीक होते. त्या पूजेत कणकेचे दिवे असतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझी स्वतःची आई अशा पूजेत किती वेळा कणीक मळत बसलेली मी पाहिली आहे. आणि तरीही आदल्या दिवशी विडीची ताकीद देताना दिवा माझ्या डोक्यातच आला नाही. विडी म्हणजे विस्तव. दिवा म्हणजे देवाचं काहीतरी, त्याने काही होईल असा विचारच मनाला शिवत नाही. इतकं शिकून, इतके खड्डे उतरून, मी तशीच राहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास आम्ही कुंपणालगत माती काढायला ड्रिलने तिसरं भोक पाडत होतो. पलीकडे बायका जमायला लागल्या. सात-आठ असतील, हिरव्या-पिवळ्या साड्या, हातात ताटं. सून मधे, कडेवर झबल्यातलं बाळ, डोक्यावर पदर. मी पाहत होते आणि मला बरंही वाटत होतं, कारण सुनेच्या चेहऱ्यावर सव्वा महिन्यात पहिल्यांदाच ऊन पडलं होतं. म्हाताऱ्याने पत्र्यांवरचे दगड उचलले. एकेक पत्रा ओढून बाजूला केला. जाळीचं दार उघडलं.

मग एक बाई वाकली आणि ताटातले दिवे लावायला लागली.

ड्रिलचा आवाज चालू होता, त्यात मी काय ओरडले ते कुणालाच ऐकू गेलं नाही. कुंपणाच्या तारेत ओढणी अडकली ती तिथेच राहिली. मेथीच्या वाफ्यातून धावत होते आणि डोक्यात एवढंच होतं की पत्रे काढलेत, रात्रभर कोंडलेली वाफ आता वर येत असेल, ती दिसत नाही, ती काठावरून सांडून खाली जमिनीलगत पसरते, आणि ताट जमिनीवर आहे. जवळ पोचले तेव्हा सासू एका परडीत दिवा ठेवून परडीला दोरी बांधत होती. आमच्या उंद्रीकडे दिवे काठावरच ठेवतात. यांच्या घरची रीत वेगळी होती. यांचा एक दिवा परडीत घालून खाली पाण्यावर सोडायचा, आणि तो तरंगेपर्यंत बाळाला घेऊन आईने काठाशी वाकून बघायचं. सून बाळाला घेऊन काठाशी वाकायलाच आली होती.

"दिवा विझवा," मी ओरडले.

लेकराच्या पूजेत दिवा विझवा म्हणणारी बाई त्यांनी कधी पाहिली नसणार. देवाच्या दिव्याला आपल्यात विझला असंसुद्धा म्हणत नाहीत. सासूचा चेहरा उतरला, मग तापला.

"काऊन असं बोलता, बाई? काय वाकडं केलं आमी तुमचं?"

मी परडी तिच्या हातातून ओढली, दुसऱ्या हाताने ताट उचललं आणि वाऱ्याच्या उलट दिशेला चालत सुटले. धावता येत नव्हतं, कणकेचे दिवे कलंडले असते. मागे बायकांचा गलका उठला. तूप माझ्या मनगटावर सांडलं, भाजलं, पण ताट सोडायची हिंमत होत नव्हती. शंभरेक पावलं गेल्यावर मी ते बांधावर ठेवलं आणि एकेका ज्योतीवर मुठीने माती सोडली. मग तिथेच बसले.

परत आले तेव्हा म्हातारा मला शिव्या घालायच्या बेतात होता. मी त्याला म्हटलं, काका, शिव्या मग द्या, आधी हे बघा. कमरेचं यंत्र काढलं, त्यांच्याच दोरीला बांधलं आणि हळूहळू विहिरीत सोडलं. हातभर गेलं नसेल, तेवढ्यात ते किंचाळायला लागलं. विहिरीत तो आवाज घुमत होता. मी आणखी खाली सोडलं आणि थांबलेच नाही, कारण या खेपेला सगळ्यांनी ऐकायला हवं होतं. बायका मागे सरकल्या. एकीने सुनेला दंडाला धरून मागे ओढलं.

मग मी बोलले. आठ दिवस, अहवाल, साहेब, सगळं गुंडाळून ठेवून बोलले. टाकी गळत होती, पेट्रोल जमिनीतून तुमच्या विहिरीत आलंय, पाण्यावर तरंगतंय, दिवा खाली गेला असता तर काठावरचं कुणी वाचलं नसतं. हे मला काल दुपारीच कळलं होतं, हेही सांगितलं. ते न सांगता चाललं असतं, पण सांगितलं. म्हातारा पत्र्यावरच खाली बसला. मुलावर इंजिनाचं बालंट आणलं होतं, ते त्याला आठवलं असावं, कारण तो दोनदा म्हणाला, "पोराचं नव्हतं म्हंजे. पोराचं नव्हतं." सासूने वाकून ओटीचा नारळ आणि गहू गोळा केले, आणि घरातल्या भरलेल्या प्रत्येक घागरीतलं पाणी मातीत ओतून दिलं.

पुढे व्हायचं ते झालं. अहवाल आला, त्यात त्या विहिरीला एक क्रमांक होता आणि पाणी कोणत्याही वापरास अयोग्य असं एक वाक्य होतं. विहीर बंद केली, घराला टँकर सुरू झाला, माझी त्या कामावरून दुसरीकडे रवानगी झाली. हे सगळं कागदावर आहे, कुणालाही बघता येईल.

कागदावर नाही ते त्याच सकाळचं. बायका पांगल्यावर सून माझ्याजवळ आली. बाळ भुकेने रडायला लागलं होतं. तिने पदराआड घेतलं आणि मग हात थांबवला.

"ताई, मी तं तेच पाणी पेली. रोज. काढा बी त्याच पाण्याचा. याले पाजू का?"

माझ्या हातात ते यंत्र होतं. मातीत, हवेत, विहिरीत काय आहे ते सांगणारं. मला माहीत नाही, म्हटलं. आपण डॉक्टरांना विचारू, आत्ता जाऊ.

जीप काढायला लावली. ती आणि सासू मागे, मी पुढे. मोताळ्यापर्यंतचा रस्ता तसा लांब नाही, पण त्या दिवशी कापसाच्या गाड्या पुढे होत्या आणि त्या बाजू देत नव्हत्या. बाळ आधी जोराने रडत होतं, मग त्याचा आवाज बसला, मग नुसती उचकी येत राहिली. सासू त्याला बोट चोखायला देत होती, ते तोंड फिरवत होतं. सून दर थोड्या वेळाने आरशातून माझ्याकडे बघायची. मी हो म्हणावं म्हणून, की नको म्हणावं म्हणून, मला कळत नव्हतं. मी आरशातून नजर काढून घेतली.

शेवटी तिने कुणालाच विचारलं नाही. खिडकीकडे वळून बसली आणि बाळाला पदराखाली घेतलं. रडणं एकदम थांबलं. जीपमध्ये त्याच्या दूध ओढण्याचा आवाज येऊ लागला, भुकेलं मूल ओढतं तसा, घटाघट, मधेच श्वास घेऊन पुन्हा. ड्रायव्हरने रेडिओ बंद केला. मी समोरचा रस्ता बघत तो एकेक घोट ऐकत राहिले, आणि दवाखान्याचं फाटक येईपर्यंत ते पीतच होतं.